ठिगळ, वाकळ आणि वर्तमानपत्र

१९७९ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट सांगतो. १५ जुलैला मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला आणि २८ जुलैला चरणसिंगांचा शपथविधी झाला. मधल्या तेरा दिवसांत दिल्लीत कोण कोणाबरोबर गेले आणि कोण कोणाला सोडून आले, याचा हिशेब ठेवता ठेवता वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतली माणसे मेटाकुटीला आली होती. मी तेव्हा एका मराठी दैनिकात नवखा उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे काय, तर टेलिप्रिंटरवर खडखडत येणारा इंग्रजी मजकूर फाडायचा, मराठीत उतरवायचा आणि जुळाऱ्याकडे धाडायचा. अशाच एका रात्री आलेल्या मजकुरात होऊ घातलेल्या मंत्रिमंडळाला ‘पॅचवर्क’ असे विशेषण लावलेले होते. मी क्षणभरही विचार न करता लिहिले, ‘ठिगळांचे सरकार’. मुख्य उपसंपादकांनी मान डोलावली, शब्द मथळ्यात चढला, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात तो दोन-तीन तोंडांतून ऐकू आला तेव्हा मला मूठभर मांस चढले.

पुढे गणपतीच्या सुट्टीत आटपाडीला आत्याकडे गेलो. आत्या चौथी शिकलेली. पण पेपर आला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचल्याशिवाय तो घडी करून ठेवायची नाही. ती म्हणाली, “तू ते ठिगळांचं सरकार लिवलंस, ते वाचलं बरं का. पर मला एक सांग, आधी फाटलं काय हुतं?”

मी हसण्यावारी नेले. वाचकहो, खरे सांगायचे तर मला उत्तर देता आले नव्हते. तिचा प्रश्न शिवणकामाचा होता तितकाच तो राजकारणाचाही होता, आणि वर्तमानपत्री मराठीचा तर फारच होता. पुढे नोकरीच्या सगळ्या वर्षांत हा शब्द जेव्हा जेव्हा माझ्या हाताखालून गेला, तेव्हा तेव्हा तो प्रश्न आठवला.

ठिगळाला आधी एक धड वस्त्र लागते. ते कुठेतरी विरते, नाहीतर खिळ्याला अडकून टरकते. मग त्या भोकापेक्षा बोटभर मोठा तुकडा घ्यायचा, त्याच्या कडा आत दुमडायच्या आणि भोवताली टाके घालायचे. टाके फक्त कडेला. खालचे भोक असते तसेच राहते. दिसत नाही, इतकेच. ठिगळ लावण्यात कमीपणा नाही. स्वच्छ धुतलेले, नीट ठिगळ लावलेले धोतर नेसून सभेला जाणारी सभ्य माणसे आमच्या लहानपणी पुष्कळ होती. पण ठिगळ म्हटले की मूळ कापड आणि परके कापड असा भेद आलाच. एक यजमान, दुसरा पाहुणा.

वाकळीचे तसे नाही. आमच्या माणदेशात वाकळ म्हणतात, पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात, तान्ह्या मुलाची असली तर दुपटे. तिच्यात मूळ कापड असे काही नसतेच. जुनी लुगडी, धोतरे, सदरे, पोरींची परकर-पोलकी, जे काही अंगावर घालण्याच्या पलीकडे गेले ते सारे धुऊन वाळवायचे. जमीन सारवून त्यावर तळचे लुगडे अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, म्हणजे वाऱ्याने हलत नाही. त्यावर जुन्याचे थर, विरलेले असेल तिथे दुहेरी, आणि सगळ्यांत वर निवडक तुकडे, रंग बघून मांडलेले. मग दोघीजणी दोन टोकांना बसतात आणि धावदोरा घालत घालत आत सरकतात. एक ओळ कडेने, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी, थेट मध्यापर्यंत. प्रत्येक टाका वरच्या तुकड्यातून शिरतो तो सगळ्या थरांतून जाऊन तळाला निघतो. मी आत्याला एकदा विचारले होते, “इतके टाके कशाला? कडेने शिवली तर नाही का चालणार?” ती म्हणाली, “मधनं टाकं नसलं तर आतलं लुगडं गोळा हुतं. चार दिसांत एका अंगाला ढिगूळ आन् दुसऱ्या अंगाला नुसतं फडकं.”

आणखी एक गोष्ट. वाकळीत नवे कापड घालत नाहीत. पैसे नसतात हे कारण आहेच. पण जुने कापड धुऊन धुऊन आटायचे तेवढे आटलेले असते. नवे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडते. बायबलाच्या नव्या करारात जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये असा दृष्टांत आहे, त्याच्या मुळाशी हाच घरगुती अनुभव आहे. हे ज्ञान पॅलेस्टाईनच्या बायकांना होते तसे माणदेशच्या बायकांनाही होते. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या आम्हा पुरुषांना मात्र नव्हते.

तर इंग्रजीतल्या ‘पॅचवर्क’ या एकाच शब्दात ठिगळ आणि वाकळ दोन्ही मावतात. इंग्रज बायका चौकोनी-त्रिकोणी तुकडे जोडून रजया करीत, तेही पॅचवर्क. आणि कशीबशी केलेली डागडुजी, तेही पॅचवर्क. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ साली निघालेल्या गलिव्हरच्या प्रवासवर्णनात लिलिपुटचे शेकडो चिमुकले शिंपी त्या धिप्पाड पाहुण्याचे कपडे तुकडे जोडून शिवतात, तेव्हा त्याला इंग्लंडातल्या बायकांचे हे कामच आठवते. इंग्रज बातमीदाराला शब्दाचा अर्थ ठरवण्याची गरज पडत नाही. तो मोघम राहू शकतो. मराठी उपसंपादकाला ती सोय नाही. ठिगळ लिहिले की आधी काहीतरी धड होते आणि ते फाटले, असा निकाल दिला गेला. गोधडी लिहिले की तुकड्यांतून काही नवे उभे राहिले, असा निकाल दिला गेला. मधली जागाच नाही.

ही अडचण आमच्या धंद्याच्या जन्मापासूनची आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते इंग्रजी आणि मराठी अशा शेजारी शेजारी लावलेल्या रकान्यांनीच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच्या आदल्याच वर्षी, १८३१ मध्ये छापून झाला होता. म्हणजे मराठी वृत्तपत्र रांगू लागले ते एका हाताने इंग्रजीचा पदर धरून. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त पदर कुठल्या लुगड्याचा आहे हे बघत राहावे लागते.

गंमत अशी की या धंद्याचे शब्द आधीपासूनच शिंप्याच्या दुकानातले आहेत. शिंप्याच्या पायाशी पडते ते कातरण, आणि संपादकाच्या चिकटवहीत जाते ते कात्रण. दोन्ही कात्रीचीच लेकरे. ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ असे आम्ही रोज छापतो. सूत्र म्हणजे तरी काय, सूतच, दोरा. पुष्कळदा तो दोरा इतका कच्चा असतो की बातमीचा टाका दुसऱ्या दिवशी उसवतो आणि खुलासा छापावा लागतो. असो.

आता या शब्दाचा जो रोजचा, अगदी पायाखालचा उपयोग आहे तो पाहू. पावसाळा आला की प्रत्येक मराठी दैनिकात रस्त्यांच्या खड्ड्यांच्या बातम्या येतात. आमच्या उमेदीच्या काळात मथळा असे, ‘रस्त्याला ठिगळे’. गेल्या काही वर्षांत त्या जागी इंग्रजी शब्द जसाच्या तसा येऊन बसला आहे: ‘पॅचवर्कची कामे सुरू’, ‘गणेशोत्सवापूर्वी पॅचवर्क पूर्ण करणार’. हा शब्द बातमीदाराचा नव्हे. तो अभियंत्याच्या फायलीतला आणि कंत्राटदाराच्या बिलातला आहे. तो तसाच उचलला की वाचकाला वाटते, काही शास्त्रशुद्ध काम झाले. शास्त्र आहे, नाही असे नाही. खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या आणि चौकोनी कापायच्या, आतली माती, सुटी खडी आणि पाणी काढायचे, तळाला व कडांना डांबराचा पातळ हात द्यायचा, मग खडी-डांबराचे मिश्रण थराथराने भरून दाबायचे. असे केले तर जोड टिकतो. पण भर पावसात पाणी साचलेल्या खड्ड्यात मिश्रण ओतून फावड्याच्या पाठीने थोपटले, तर ते आठ दिवसांत वाहून जाते, आणि नुसती खडी रस्त्यावर पसरते, जिच्यावरून दुचाकी घसरते. या दोन्ही कामांना आज आपण पॅचवर्क हेच नाव देतो. माझे म्हणणे एवढेच, की पहिल्याला दुरुस्ती म्हणावे आणि दुसऱ्याला ठिगळ. आणि बातमीदाराने लिहिण्यापूर्वी एकदा जाऊन खड्ड्याच्या कडा पाहाव्यात. तिथे माणसे मरतात; शब्द कोणाचा वापरला हा तेथे बारीक प्रश्न राहत नाही.

रस्त्यावरून नकाशावर येऊ. १९४७ सालचा हिंदुस्थानचा नकाशा ज्यांनी पाहिला असेल त्यांना तुकड्यांचे कापड म्हणजे काय हे सांगायला नको. साडेपाचशेहून अधिक संस्थाने, आणि त्यांतली कित्येक स्वतःच तुकड्यातुकड्यांची. आत्याची आटपाडी औंध संस्थानात होती. औंध सातारा जिल्ह्यात, आटपाडी तेथून दूर माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. एकंदर बहात्तर गावे, मध्ये ब्रिटिश मुलूख आणि दुसऱ्या संस्थानांची गावे. पटवर्धनांच्या सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी या संस्थानांचीही हीच तऱ्हा.

या नकाशाला कोणीही ठिगळांचा नकाशा म्हणेल. पण त्या बहात्तर गावांत काय काय झाले बघा. कुंडलजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, त्याला जागा दिली ती औंधच्या राजाने. त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, पुढे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, त्यामागून ‘मनोहर’. साऱ्या मराठी मुलखात घरोघर वाचली जाणारी मासिके या एवढ्याशा तुकड्यावरून छापली जात होती. आणि १९३९ च्या जानेवारीत औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपला अधिकार रयतेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना दिली. गांधीजींचा सल्ला तिच्यामागे होता. ग्रामपंचायती, त्यांच्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ अशी ती रचना. तिचा दोरा तळच्या गावापासून वर येत होता. आत्या तेव्हा मुलगी होती. तिला घटना वगैरे आठवत नव्हते. गावच्या पंचांची निवड चावडीपुढे झाली आणि आपले वडील हात वर करून उभे राहिले, एवढे आठवत होते.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आले. त्याच १९४९ साली जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत, औंध वगैरे संस्थानांचे लगतचे तुकडे एकत्र करून दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले. आजच्या आटपाडीच्या किंवा जतच्या मुलाला विचारा, तुझा जिल्हा किती संस्थानांचा झाला? तो तुमच्याकडे बघत राहील. टाके मुरले की वरून ओळखू येत नाहीत. पाण्याच्या वाटपाचा विषय निघाला म्हणजे मात्र आटपाडी-जतकडची म्हातारी माणसे अजून कृष्णाकाठच्या गावांचे नाव वेगळ्या सुरात घेतात, तेही लिहिले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण १९५६ चे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मुंबईचे मोठे द्विभाषिक राज्य झाले: कच्छ, सौराष्ट्र, गुजरात, मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, हैदराबादेतले मराठवाड्याचे पाच जिल्हे, मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ. कापड प्रचंड झाले. पण टाके दिल्लीहून आणि फक्त कडेने घातलेले. आतले थर गोळा होऊ लागले. या राज्याविरुद्ध जी संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली, तीही पाहायला गेले तर तुकड्यांचीच: प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, एस. एम. जोशी, डांगे, प्रबोधनकार, आचार्य अत्रे आणि त्यांचा १९५६ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला ‘मराठा’. एरवी एका ताटात न जेवणारे पक्ष. पण दोरा एकच होता, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, आणि तो गिरणगावच्या चाळीपासून सीमेवरच्या खेड्यापर्यंत सगळ्या थरांतून गेलेला होता. १९५७ च्या निवडणुकीत ते दिसले. १ मे १९६० रोजी मागणी पुरी झाली आणि समिती विस्कटली. काही लोक याला समितीचा पराभव म्हणतात. मला ते पटत नाही. थंडी सरली की वाकळ घडी करून माळ्यावर जातेच.

महाराष्ट्र राज्य मात्र घडी करून ठेवायची वस्तू नव्हे, म्हणून त्याचे टाके वारंवार तपासावे लागले. मराठवाडा आणि विदर्भ यांना २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने काही शब्द दिलेले होते. ते किती पाळले गेले याचा हिशेब १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या समितीकडे सोपवला गेला, आणि १९८४ मध्ये तिने अनुशेषाचा आकडा मांडला, सुमारे ३,१८६ कोटी रुपये. रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने, विजेचे पंप यांत कोणता भाग राज्याच्या सरासरीच्या किती मागे, याचा तो हिशेब होता. अनुशेष हा रुक्ष सरकारी शब्द. पण त्याचा अर्थ आत्याच्या भाषेत सांगता येतो: एका अंगाला ढिगूळ, दुसऱ्या अंगाला नुसते फडके. पुढे १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तेव्हा त्या बातमीला आतल्या पानात दोन रकाने मिळालेले मी पाहिले.

जबरदस्तीच्या शिवणीचे एक उदाहरण आमच्या धंद्यातलेच आहे. आणीबाणीत, १९७६ साली, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली गेली. चार सूत्रांचे एक सूत्र झाले. १९७८ मध्ये ती पुन्हा उसवून चार वेगळ्या झाल्या, आणि टेलिप्रिंटरवर पुन्हा एकाच घटनेच्या दोन तऱ्हेच्या बातम्या येऊ लागल्या. आम्हाला काम दुप्पट झाले. पण त्या वाढलेल्या कामाचा आनंद काय होता, ते त्या वेळी रात्रपाळी केलेल्यांनाच कळेल.

आता बाहेरदेशी जाऊ, कारण शब्द तिकडून तारेने आला होता. तुकड्यांच्या मंत्रिमंडळाची थट्टा करायची रीत विलायतेत फार जुनी. १९ एप्रिल १७७४ रोजी अमेरिकेवरच्या करांसंबंधी बोलताना एडमंड बर्क यांनी लॉर्ड चॅथम यांच्या जुन्या मंत्रिमंडळाला रंगीबेरंगी दगड बसवलेल्या, पण चुना न घातलेल्या फरशीची उपमा दिली. बर्क यांची उपमा गवंड्याची आहे, शिंप्याची नाही. तरी बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवले आहे. दगड निरनिराळ्या रंगांचे आहेत ही त्यांची तक्रार नव्हती. मध्ये धरून ठेवणारे काही नाही, ही होती.

जर्मन पत्रकारांचा लाडका शब्द आहे ‘फ्लिकनटेपिश’, म्हणजे चिंध्यांची सतरंजी. जुन्या जर्मनीचा नकाशा दाखवताना तो हटकून येतो. १८०६ मध्ये जुने साम्राज्य बरखास्त होण्यापूर्वी तिथे शेकड्यांनी राज्ये होती. १८१५ नंतरच्या संघात एकोणचाळीस उरली. दर सीमेवर जकात. १ जानेवारी १८३४ पासून प्रशियाच्या पुढाकाराने जकातसंघ सुरू झाला, तो आतून गेलेला पहिला दोरा. आणि १८७१ चे साम्राज्य त्यानंतर सदतीस वर्षांनी आले. हाच शब्द २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा रोजच्या रोज छापला गेला, कारण सोळा घटकराज्यांचे नियम सोळा तऱ्हांचे होते. एका राज्यात हॉटेल उघडे, शेजारी बंद. प्रवाशाची तारांबळ खरी. पण तिथल्या वर्तमानपत्रांनी तो शब्द केवळ दूषण म्हणून वापरला, तेव्हा मला आत्याचा प्रश्न विचारावासा वाटला: आधी फाटलं काय होतं? त्या देशाने १९४९ मध्ये आपली घटनाच अशी केली की पुष्कळसा अधिकार राज्यांकडे राहावा. सगळा अधिकार एका हाती गेला म्हणजे काय होते, ते त्यांनी त्याआधी बारा वर्षे पाहिले होते.

मराठी पत्रकारांकडे या बाबतीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. खिचडी आहे, मोट बांधणे आहे, आणि कडबोळे तर आमची खासच देणगी. १९९६ मध्ये तेरा पक्षांचे संयुक्त आघाडीचे सरकार आले तेव्हा कडबोळ्याने मथळे भरून गेले. कडबोळे हा चांगला खुसखुशीत पदार्थ. त्याच्या वाट्याला हे का यावे कोण जाणे. पण या सगळ्या शब्दांत एक गृहीत दडलेले असते, की एका पक्षाचे सरकार हे धड वस्त्र आणि बाकी सारे ठिगळ. १९५२ पासून १९७७ पर्यंत केंद्रात एकाच पक्षाचे राज्य पाहिलेल्या पिढीला तसे वाटणे साहजिक होते. मीही त्याच पिढीतला. वास्तविक १९७७ च्या मे महिन्यात रीतसर स्थापन झालेला जनता पक्ष म्हणजे संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी यांची एक घाईने घातलेली वाकळ होती. आणीबाणीच्या थंडीत तिची गरज होती, आणि तिने ऊब दिली. दुहेरी सदस्यत्वाच्या वादात ती उसवली, कारण मधले टाके घालायला कोणी बसलेच नाही. सगळे कडा धरून ओढत राहिले. ‘ठिगळांचे सरकार’ या माझ्या मथळ्यात यातले काहीच नव्हते. पुढे १९९९ पासून २०१४ पर्यंत आधी एक आणि मग दुसरी आघाडी दिल्लीत टिकून राहिली. तरी आमचे शब्द काही बदलले नाहीत.

एकदा मात्र मी वेळेवर थांबलो. १९८७ च्या ऑक्टोबरमधली ती बातमी. वॉशिंग्टनमध्ये, ११ तारखेला, एड्सने मेलेल्यांच्या स्मरणार्थ एक अफाट गोधडी मैदानावर अंथरली गेली. तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण कबरीएवढा एकेक तुकडा. एकेका मृत माणसाच्या नावाचा. त्याच्या आईने, भावंडांनी, सोबत्याने घरी शिवलेला. असे १,९२० तुकडे. त्या रोगाचे नाव घ्यायलाही माणसे तेव्हा कचरत होती, आणि इथे नावे मोठ्याने वाचली जात होती. माझ्या टाचणात पहिला शब्द आला होता तो ‘ठिगळे’. मी तो खोडला. खोडताना हात जरा कापला असेल. ‘वाकळ’ लिहिले, तर मुख्य उपसंपादकांनी शहरी वाचकाला कळणार नाही म्हणून ‘गोधडी’ केले. त्याला माझी हरकत नव्हती.

दुसऱ्याच वर्षी, १९८८ च्या जुलैत, अटलांटा येथे डेमॉक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात जेसी जॅक्सन यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. घरात कांबळे घ्यायला पैसे नव्हते. आजीने लोकर, रेशीम, गोणपाट असे हाती येतील ते तुकडे जमवले आणि मजबूत दोऱ्याने शिवून त्यांचे पांघरूण केले. मग ते एकेका गटाकडे वळून सांगत गेले, तुमची मागणी रास्त आहे, पण तुमचा तुकडा एकट्याने पुरा पडणार नाही. भाषणाचा मजकूर हाती आला तेव्हा मी तो आत्याला पत्रातून कळवला. तिचे उत्तर पोस्टकार्डावर आले. गोणपाट घातलेली वाकळ अंगाला टोचते, ते तळाला घालायला पाहिजे होते, असे तिने लिहिले होते. बाकी पावसाची आणि शेळ्यांची हकीकत.

तिने माझ्या मुलीच्या बारशाला शिवून दिलेले दुपटे पुढे मोठे करून घेतले, त्याची वाकळ झाली. तिच्यात आत्याचे हिरवे लुगडे आहे, मामांच्या पटक्याचा तुकडा आहे, आणि औंधच्या शाळेत शिकलेल्या तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक खाकी सदरा आहे. थंडीत मी अजून तीच पांघरतो. दोन जागी ती विरली होती. गेल्या दिवाळीत तिला दोन ठिगळे लावून घेतली.